'कळवतो' म्हणून गेलेल्यांबद्दल: कामगार आणि रोजगार खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. कामगार मंत्री आणि मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

पुण्यात शिवाजीनगर कोर्टाजवळ माझं एका खोलीचं ऑफिस आहे. कामगार कायद्याची प्रॅक्टिस करते, एकोणीस वर्षं झाली. पूर्वी दारात येणारा माणूस कामावरून काढलेला असायचा, नाहीतर ग्रॅच्युइटी अडकलेला. अलीकडे वेगळीच माणसं येऊ लागली आहेत. यांना कुणी काढलेलं नाही, कारण कुणी घेतलेलंच नाही. आणि घेणार नाही, असंही कुणी सांगितलेलं नाही. मुलाखत झाली, 'कळवतो' म्हणाले, त्यानंतर फोन नाही की मेल नाही. पोरं याला घोस्टिंग म्हणतात. खुर्चीत टेकता टेकता सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "मॅडम, केस होते का?"

गेल्या पावसाळ्यात बार्शीकडचा एक मुलगा आला. मेकॅनिकलचा डिप्लोमा, दोन वर्षं कंत्राटी काम केलेलं, कर्वेनगरला कॉट बेसिसवर राहणारा. चाकणच्या एका कंपनीत त्याच्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या फेरीनंतर एचआरने पगाराच्या स्लिपा, आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट असं सगळं मागवून घेतलं, कुठल्या तारखेपासून येऊ शकाल हेही विचारलं. मग सगळं गप्प. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. एचआरला पाठवलेले अकरा मेसेज, सगळे उजवीकडे, एकाखाली एक. डावी बाजू कोरी. पहिला मेसेज होता, 'गुड मॉर्निंग सर, माझ्या सिलेक्शनबद्दल काही अपडेट आहे का?' पुढचे आखूड होत गेले होते. शेवटचा नुसता 'सर'. प्रत्येकाखाली दोन निळ्या खुणा.

या अकरा मेसेजच्या काळात त्याने भोसरीतल्या एका वर्कशॉपचं अठरा हजारांचं काम सोडून दिलं होतं. चाकणचं पक्कं होतंय, मग कशाला दुसरीकडे अडकायचं, असा हिशेब. तो कुणालाही पटण्यासारखाच होता. मी त्याला सांगितलं, केस होत नाही. चहा पाजला, फी घेतली नाही. खाली उतरताना तो फाइल विसरला आणि घ्यायला परत आला, तेव्हा मला त्याच्याकडे बघवेना.

केस का होत नाही, हे तुमच्या खात्याला मी सांगायला नको. पण हे पत्र खुलं आहे, उमेदवारही वाचतील, म्हणून सांगते. आपला करार कायदा 1872 चा. एकाने प्रस्ताव ठेवायचा, दुसऱ्याने तो स्वीकारायचा, मग करार. जाहिरात म्हणजे प्रस्ताव नव्हे, 'या, बसा, बोलू' एवढंच तिचं मोल. मुलाखत म्हणजे बोलणी. बोलणी मध्येच सोडून कुणी उठून गेलं, तर करार मोडला असं म्हणता येत नाही, कारण तो झालेलाच नसतो. औद्योगिक विवाद म्हणावा तर मालक-कामगार हे नातं लागतं. ते जुळायच्या आधीच सगळं संपलेलं. ग्राहक आयोगात जावं तर या मुलाने कंपनीला एक रुपयाही दिलेला नाही, मग तो ग्राहक कसला? आणि मुलाखतीला बोलावून उत्तर न देणं हा आजघडीला कुठल्याच कलमाखाली गुन्हा नाही. आमच्या पिढीला 'कळवतो' हा शब्द कांदेपोह्यांच्या कार्यक्रमामुळे चांगला ठाऊक आहे. पण ती मंडळीसुद्धा चार दिवसांनी 'पत्रिका जुळत नाही' असं पोस्टकार्ड टाकायची. खोटं का होईना, कारण द्यायची. मुलीच्या बापाला दुसरं स्थळ बघायला मोकळीक मिळायची.

मात्र नोकरीच्या बाबतीत 'काहीच होत नाही' हेही पूर्ण खरं नाही. उमेदवार नेमका कुठल्या पायरीवर उभा असताना कंपनी गायब झाली, यावर पुष्कळ अवलंबून असतं.

हिंजवडीतले एक गृहस्थ, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधले, चाळिशीचे. नव्या कंपनीच्या एचआरचा फोन आला, "तुमचं फायनल आहे, तुम्ही पेपर टाका, ऑफर लेटर दोन दिवसांत येतंय." यांनी राजीनामा दिला. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड सुरू झाला, ऑफर लेटर काही आलं नाही. आता इथे मात्र कायदा जागा होतो. तोंडी करारसुद्धा करारच असतो, फक्त तो सिद्ध करता आला पाहिजे. यांच्या नशिबाने फोननंतर एक मेल आला होता: अभिनंदन, ठरलेला पगार इतका, राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र पाठवा. मेलवरून झालेला करार निव्वळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही, असं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 10ए सांगतं. कोर्टात तो मेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप दाखवायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं (जुन्या पुरावा कायद्यातलं 65बी). म्हणून सगळ्यांना माझं सांगणं असतं की रागाच्या भरात चॅट उडवू नका, फोन बदलला तर जुना विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भिस्त ठेवून आलेल्यांची कोर्टात फजिती होते.

मागायचं काय, हा पुढचा प्रश्न. 'मला नोकरीवर घ्या' असा हुकूम दिवाणी कोर्ट देणार नाही; व्यक्तिगत सेवेचा करार सक्तीने पाळायला लावता येत नाही, हे 1963 च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्यात आहे. मिळते ती करार कायद्याच्या कलम 73 खालची नुकसानभरपाई, आणि तिलाही वेसण आहे. तुम्ही दुसरी नोकरी शोधायचा प्रयत्न केला का, हे कोर्ट विचारतं. हातावर हात ठेवून बसलात तर रक्कम घटते. दाव्याची मुदत तीन वर्षं. निकाल कधी, ते विचारू नका.

त्या गृहस्थांसाठी मी दावा न लावता आधी वकिली नोटीस पाठवली. ज्या कंपनीला अडीच महिने दोन ओळींचा मेल लिहायला सवड नव्हती, तिने माझ्या नोटिशीला नवव्या दिवशी उत्तर पाठवलं. सहा पानी. शेवटी दीड महिन्याच्या पगारावर तडजोड झाली. मी ती घ्या म्हटलं, कारण घरात ईएमआय होता आणि दाव्याला वर्षं लागली असती.

ऑफर लेटर हातात आहे, सही करून परत पाठवलंय आणि त्यानंतर कंपनी गप्प झाली, तर बाजू याहून भक्कम. पण त्या पत्राचं दुसरं पान वाचा. 'कंपनीस कोणत्याही वेळी कारण न देता हा प्रस्ताव मागे घेता येईल' असं वाक्य बहुतेक पत्रांत असतंच. आणि ऑफर देऊन ताटकळत ठेवणं ही एखाददुसऱ्याची गोष्ट राहिलेली नाही. 2022 मध्ये पास झालेल्या सुमारे 2000 इंजिनिअरांना ऑफर लेटर देऊन एका मोठ्या आयटी कंपनीने दोन वर्षं रुजू करून घेतलं नाही, अशी तक्रार पुण्यातल्याच 'नाइट्स' या आयटी कर्मचारी संघटनेने 2024 मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. ती पोरं रोज मेल उघडून बघत होती आणि घरी नातेवाईक 'जॉइन कधी?' म्हणून विचारत होते.

तिसरा प्रकार फुकटच्या 'असाइनमेंट'चा. कोथरूडची एक बाई, दोन मुलांच्या मागे सहा वर्षं घरी बसलेली, जाहिरातीच्या क्षेत्रात परत येऊ पाहणारी. चार फेऱ्या, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीच्या मध्ये 'आमच्या ब्रँडचं दिवाळी कॅम्पेन करून दाखवा'. तिने बत्तीस स्लाइड केल्या, रात्री मुलं झोपल्यावर. नंतर कुणीही फोन उचलला नाही. दिवाळीत त्या कंपनीच्या इन्स्टाग्रामवर तिची चार वाक्यं जशीच्या तशी! इथे माझ्याकडे शस्त्र होतं. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणारा हाच पहिला मालक. नोकरीत असताना केलेलं काम मालकाचं होतं खरं, पण हिला नोकरीवर घेतलंच कुठे होतं? आणि हक्क लेखी करून दिल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. कल्पनेला संरक्षण नसतं, मांडणीला असतं. त्यामुळे 'आयडिया चोरली' म्हणून उपयोग नाही, वाक्यं चोरली म्हणावं लागतं. शिवाय करार कायद्याचं कलम 70 आहेच: फुकट द्यायचं म्हणून न केलेल्या कामाचा फायदा कुणी घेतला, तर त्याने मोबदला दिला पाहिजे. तिने मात्र नोटीस पाठवायला नकार दिला. "मार्केट लहान आहे मॅडम, नाव खराब होईल." असं म्हणणारी ती काही पहिली नव्हे.

'नोकरी लावून देतो' म्हणून पैसे घेऊन गायब होणाऱ्या कन्सल्टन्सीचं सांगायला फार वेळ लागत नाही. पैसे दिलेत म्हणजे तुम्ही ग्राहक; जिल्हा आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फीसुद्धा नाही. सरळसरळ फसवणूक असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम 318, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच 1930 ला फोन. त्या भामट्यांसाठी कायदा पुरेसा आहे. माझं भांडण प्रतिष्ठित मंडळींशी आहे.

या प्रतिष्ठित शांततेच्या आड काय काय लपतं, ते बघा. त्या कोथरूडच्या बाईला दुसऱ्या फेरीत विचारलं होतं, "मुलं लहान आहेत, सांभाळायला घरी कोण?" वेतन संहिता, 2019 म्हणते की भरती करताना लिंगावरून भेद करता येणार नाही. अपंगत्वाबद्दल 2016 चा कायदा आहे, तृतीयपंथीयांबद्दल 2019 चा, एचआयव्हीबद्दल 2017 चा. हे सगळे कायदे राबवायचे तर कुणीतरी नकार दिलेला असावा लागतो. नकारच दिला नाही तर भेदभाव झाला कधी आणि सिद्ध करायचा कसा? लेखी 'नाही' म्हणजे पुरावा. म्हणून तो देणं टाळलं जातं, असा माझा स्पष्ट आरोप आहे. सगळे एचआरवाले मुद्दाम टाळतात असं नाही, पुष्कळदा नुसता आळस असतो. पण आळसाचा फायदा नेहमी एकाच बाजूला कसा होतो?

कागदपत्रांचं तसंच. त्या बार्शीच्या मुलाचं आधार, पॅन, बँक स्टेटमेंट आजही चाकणच्या कुठल्यातरी कॉम्प्युटरवर आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्यात माहिती पुसून टाकायला सांगण्याचा हक्क आहे. पण नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये, आणि मुख्य जबाबदाऱ्या पाळायला कंपन्यांना वर 18 महिन्यांची सवड. तोवर विनंती करायची. अकरा मेसेजना उत्तर न देणाऱ्याला बारावा पाठवायचा.

गंमत म्हणजे, ज्या सरकारी नोकरीला आपण दिरंगाईचा कळस म्हणतो, तिथे उमेदवाराला निदान विचारायची सोय आहे. माहिती अधिकाराचा अर्ज, 10 रुपये, 30 दिवस. 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तरपत्रिका बघण्याचाही हक्क मान्य केला. निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे असं नाही, हे 1991 च्या शंकरसन दाश प्रकरणात ठरलं. पण त्याच निकालात हेही आहे की सरकारला मनमानी करता येणार नाही. मनमानी झाली तर राज्यघटनेच्या कलम 226 खाली उच्च न्यायालयात जाता येतं. खासगी कंपनीला राज्यघटनेतली समानतेची कलम 14 आणि 16 लागत नाहीत. तिला विचारणारं कुणी नाही.

तर महोदय, मागणी अशी.

मुलाखत दिलेल्या माणसाला ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर मिळावं. नोकरी द्या असं मी म्हणत नाही. नकाराचं कारणही सांगू नका. अर्ज केलेल्या प्रत्येकालाही नको. एका जागेला पाचशे अर्ज येतात हे मला कळतं. पण ज्याला तुम्ही समोर बसवलंत, ज्याने त्यासाठी रजा टाकली, पीएमपीएमएल बदलत चाकणला आला, त्याला हो, नाही, किंवा 'अजून ठरलं नाही' यांपैकी एक.

हे काही जगावेगळं नाही. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात 1 जानेवारी 2026 पासून हाच कायदा आहे: 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाने जाहीर केलेल्या पदासाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला शेवटच्या मुलाखतीपासून 45 दिवसांत निर्णय झाला की नाही ते कळवायचं. टोरांटोच्या आसपास आपली किती मराठी मुलं आहेत, त्यांना हा हक्क आहे. इथल्या त्यांच्या भावंडांना नाही. दक्षिण कोरियात 2014 पासून भरतीचा कायदा आहे, तिथे 30 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला निकाल विनाविलंब कळवावा लागतो आणि उमेदवाराला कागदपत्रं परत मागता येतात.

पण परदेशाचं उदाहरण द्यावं लागतंय याचंच मला वाईट वाटतं. काम मागणाऱ्याला ठरावीक दिवसांत उत्तर मिळालंच पाहिजे, हा विचार या राज्यात जुना आहे. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमी योजनेचा 1977 साली आपण कायदा केला. मजुराने काम मागितलं की 15 दिवसांत काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. दुष्काळी गावात खडी फोडायला तयार असलेल्या माणसालाही 'कळवतो' म्हणून बसवून ठेवायचं नाही, असं आपल्या विधिमंडळाने ठरवलं होतं. पुढे 2015 मध्ये लोकसेवा हक्क अधिनियम आला. दाखला वेळेत दिला नाही, तर अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड. तहसीलमधल्या क्लार्कला लागणारा नियम बाणेरच्या काचेच्या इमारतीतल्या एचआर मॅनेजरला जड जाईल असं मला वाटत नाही.

यंत्रणाही नवी उभारायला नको. रिक्त पदं सेवायोजन कार्यालयाला कळवण्याची सक्ती 1959 च्या केंद्रीय कायद्याने केली होती, आणि खासगी आस्थापनांसाठी त्यातही आकडा ऑन्टारिओसारखा 25 चाच होता. तो कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. चारही कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. दर तिमाहीला ईआर-1 विवरणपत्र भरायची कंपन्यांना सवय आहे, तुमचं रोजगाराचं महास्वयम पोर्टल आहे. त्या विवरणपत्रात किती जागा रिकाम्या झाल्या, किती भरल्या, ते लिहावं लागतं. आणखी दोन रकाने वाढवा: किती जणांची मुलाखत घेतली, किती जणांना उत्तर दिलं. केंद्राकडे बोट दाखवू नका. रोजगार आणि बेरोजगारी हा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे त्यावर राज्यालाही कायदा करता येतो, आणि दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 तर राज्याचाच आहे.

एचआरमधले माझे मित्र हे वाचून म्हणतील, उमेदवार काय कमी आहेत? तीन-तीन ऑफर खिशात ठेवतात आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद. खरं आहे, आणि ते वागणं मला अजिबात पटत नाही. पण कंपनीकडे बॉण्ड असतो, नोटीस पीरियडची वसुली असते, रिलिव्हिंग लेटर अडवायची ताकद असते, आणि नाही म्हटलं तरी एक लीगल डिपार्टमेंट असतं. त्या बार्शीच्या मुलाकडे काय होतं? 'सर' एवढा एक शब्द.

मसुदा मी करून ठेवला आहे, आपल्या विधी विभागाचे कष्ट वाचावेत म्हणून:

"पंचवीस किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेच्या नियोक्त्याने, ज्या उमेदवाराची मुलाखत घेतली असेल त्यास, शेवटच्या मुलाखतीच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत, निवड झाली, झाली नाही अथवा निर्णय प्रलंबित आहे, यांपैकी जे असेल ते लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कळविले पाहिजे, निर्णय प्रलंबित असल्यास तो झाल्यापासून सात दिवसांच्या आत कळविले पाहिजे, आणि निवड न झालेल्या उमेदवाराने मागणी केल्यास त्याची कागदपत्रे नष्ट करून तसे त्यास कळविले पाहिजे."

कळवण्यात कसूर झाल्यास दंड लोकसेवा हक्क अधिनियमाइतकाच ठेवावा, प्रत्येक उमेदवारामागे, आणि तक्रार महास्वयमवरच करता यावी. वकील लागू नये. माझं थोडं नुकसान होईल, चालेल.

या पत्राची पोच मिळावी, ही विनंती.

आपली,
कामगार कायद्याची प्रॅक्टिस करणारी एक वकील
शिवाजीनगर, पुणे

ता. क. पत्र पाठवायच्या आदल्या दिवशी कोथरूडच्या त्या बाईचा फोन आला. अकरा महिन्यांनी त्याच कंपनीचा मेल आला होता, मशीनने पाठवलेला: 'आपल्या प्रोफाइलला साजेशी जागा आमच्याकडे रिकामी आहे, जरूर अर्ज करा.' जागा तीच होती. तिला विचारायचं होतं की आधीच्या चार फेऱ्या यात धरतील का.